तुटलं तिथून पुढं

बा, तुझ्यावर माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला तुला सोपं जाईल. अक्षर मला तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. हे लिहून घेतेय ती माझी लेक, तुझी नात. परभणीत शाळेवर मास्तरीण आहे आणि दुसऱ्याचं बोलणं सरळ करायची खोड तिला लागलेली आहे. मी 'लय' म्हणलं की तिचा हात थांबतो. मी तिला बजावलं, "माझ्या बापाला माझंच बोलणं कळंल, तुझ्या शाळेतलं न्हाई." ती म्हणाली, "माय, पण वाचता यायला पाहिजे ना." मी म्हणलं, "कुणाला? त्याला मरून जमाना झाला." मग तिला हसू आलं आणि तिनं लिहायला घेतलं. तेव्हा यात जे साफसूफ दिसेल ते तिचं, आणि जे टोचेल ते माझं.

राग जुनाच आहे, पण परत वर आला तो तुझ्या पणतीमुळं. माझ्या या लेकीची लेक. पुण्यात एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करते. तू कॉम्प्युटर बघितला नाहीस. मीही एकदाच बघितला. तोंड टीव्हीसारखं आणि स्वभाव तहसीलदारासारखा, म्हणजे विचारल्याशिवाय बोलत नाही आणि बोलला की आपल्याला काही कळत नाही. तर एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याशी फोनच्या तारेवरून कसं बोलायचं, हे जी माणसं ठरवतात त्यांच्यात ही पोरगी आहे. आधी कुणी बोलायचं, समोरच्यानं 'ऐकलं' म्हणून काय खूण द्यायची, खूण आली नाही तर किती वेळ वाट बघायची आणि मग उठायचं कधी. एवढं ठरवायला जगभरची माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना लिहितात, भांडतात, मसुदा करतात, तो फाडतात, परत करतात. मी म्हणलं, "एवढ्यासाठी इंजिनेर व्हावं लागतंय? मला विचारलं असतं तर जेवणाआधी सांगितलं असतं." ती म्हणाली, "आजी, एक मशीन अमेरिकेतल्या माणसानं बनवलेलं, दुसरं जपानातल्या. त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पण बघितलेलं नाही. तरी तार जोडली की दोन्ही मशिनं बोलायला पाहिजेत. म्हणून आधीच बसून ठरवावं लागतं."

बा, ती हे बोलली आणि माझ्या डोळ्यांपुढं ते जिंतूरकडचं वऱ्हाड उभं राहिलं. आपण धर्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. पेडगावात आपल्या भावकीतल्या पोरीचं लगीन आहे. आपण जुनं सगळं सोडलं म्हणून पांढरी कापडं घालून, मेणबत्त्या लावून गप बसलोय. तिकडून वऱ्हाड येतं ते वाजतगाजत, नवऱ्याच्या कपाळाला बाशिंग. जुनं त्यांनीही सोडलेलं होतं, पण बाशिंग जुन्यात धरायचं का नाही, यावर त्यांच्या गावात अजून कुणी बसलेलं नव्हतं. ते मांडवात येऊन उभे राहतात. त्यांना वाटतं, पोरीकडचे सुरू करतील. आपल्याला वाटतं, पोराकडचे काय ते म्हणतील. अंतरपाट नाही, भट नाही, सावधान म्हणणारं कुणी नाही. दोन्हीकडचे एकमेकांकडं नुसते बघतायत. ऊन चढलं, वरण गार झालं, नवरीची आत्या घेरी येऊन खाली बसली. शेवटी नवऱ्याचा चुलता म्हणाला, "काय पाव्हणं, लगीन हाय का मयत?" त्यावरून जी जुंपली, ती तू मधे पडलास म्हणून थांबली. मी हे पणतीला सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली. "आजी, हेच तर! आमची मशिनं पण अशीच बसायलीत एकमेकांकडं बघत. दोघांना वाटतं, बोलायची पाळी समोरच्याची आहे."

त्या लग्नानंतर तू पाच गावांची बैठक बसवलीस. आपल्या अंगणात, लिंबाखाली. पोरगी कुठल्याही गावची असो, पोरगा कुठल्याही गावचा असो, लगीन एकाच रीतीनं लागलं पाहिजे, म्हणजे मांडवात कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत बसणार नाही, असं तुझं म्हणणं. आणि एक सांगते, रागावलेय तरी सांगते, बैठक तू चांगली चालवायचास. हात वर करायला तू कधी लावले नाहीस. हात मोजले की ज्याची भावकी मोठी त्याचंच खरं होतं, असं तू म्हणायचास. तू उलटं विचारायचास, "हे कुणाला गिळत न्हाई?" ज्याला गिळत नाही त्यानं का ते सांगायचं, बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचं. उत्तर असलं तर त्यानं गप बसायचं, नसलं तर रीत बदलायची. हळदीवर एक अख्खी बैठक गेली. बाशिंगावर दुसरी. मी आत चुलीपुढं, पीठ मळता मळता सगळं ऐकतेय. बायकांना कुणी बैठकीत घेतलं नव्हतं, पण भिंतीला कान होते आणि ते माझे होते.

पणतीच्या माणसांचंही असंच आहे, बरं का. तेही हात मोजत नाहीत. वर्षातून कधीमधी परदेशात एका मोठ्या हॉटेलात जमतात आणि त्यांचा म्होरक्या विचारतो, हा मजकूर ज्यांना पसंत आहे त्यांनी गुणगुणा. तोंड मिटून, नुसतं 'हूं'. मग म्हणतो, ज्यांना पसंत नाही त्यांनी गुणगुणा. मी विचारलं, "माणसं हायेत का म्हशी बांधल्यात?" लेक मला रागं भरली. पोरगी मात्र खुशीत सांगत राहिली. म्हणे तोंड मिटल्यावर कोण मोठ्या कंपनीचा आणि कोण लहान, काही कळत नाही. ज्यांना पसंत नाही त्यांचं कारण ऐकून घेतात. नंतर तेच परत सगळ्यांना लिहून विचारतात, खोलीत नव्हते त्यांनाही. मी म्हणलं, "खोलीत नव्हते त्यांच्या उत्तराला तेवढंच वजन आसतं का?" यावर ती भाजीत मीठ बघायला लागली.

आता तुझ्या बैठकीत मला काय गिळलं नव्हतं ते सांगते. तुला आठवत असेल नसेल. शेवटची बैठक आहे, शाळेतला मास्तर सगळी रीत लिहून घेतोय. तू म्हणालास, दोन्हीकडच्या आईबापांनी जोडीनं पुढं यावं आणि पोरापोरीला हार द्यावेत. मी आतून ओरडले, "आन जिचा बाप मेलाय तिच्या मायनं कुठं उभं राहायचं?" बाहेरून कुणीतरी म्हणालं, "भाकर करपायली बघ आत." माणसं हसली. तू हसला नाहीस, हे खरं. तू म्हणालास, "असं एखाद्या बारीला येणार. पुढच्या बैठकीत बघू." बा, तेव्हा माझा मालक, या लेकीचा बाप, चांगला जिता होता, खळ्यावर पोती उचलत होता. मी माझ्यासाठी बोलले नव्हते. मला नुसतं दिसलं होतं, चालताना दगड दिसावा तसं.

पुढं मालक गेला. आणि या लेकीचं, ही लिहितेय तिचं, लगीन आलं. पाव्हणे म्हणाले, बैठकीत जोडीनं ठरलंय, तर जोडीच पाहिजे. हार द्यायला तू तिच्या चुलता-चुलतीला उभं केलंस. त्या दिवशी सकाळी मी तुला चुलीपाशी गाठलं आणि म्हणलं, बा, रीत तुझीच हाय, एक शब्द बदल. तू बसकणावर बसून तंबाखू मळत होतास. म्हणालास, "माझ्या पोरीसाठी मी बदललं तर बाकीच्या गावांनी का पाळावं? पुढच्या बैठकीत पहिला हाच इषय घेतो." मी मांडवाच्या बाहेर पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले आणि पाव्हण्यांना पाणी देत राहिले. तुझं चूक नव्हतं. चूक असतं तर तुझ्याशी भांडून मोकळी झाले असते. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं? आणि मग त्याच हिवाळ्यात तू गेलास, आणि तुझ्याशिवाय बैठक काही परत बसली नाही.

इथं लेकीनं लिहायचं थांबवलं. म्हणाली, "माय, तू आज्याशी भांडली होतीस? मला कुणी सांगितलं नाही." मी म्हणलं, "तू नवरी होतीस. नवरीला कोण काय सांगतंय? लिही पुढं." ती लिहायलीय, पण नाक ओढायलीय.

तर पणतीचं. मागच्याच्या मागच्या दिवाळीला ती आली ती कागदांची चळत घेऊनच. लांबच्या लांब, एकमेकाला जोडलेले कागद, कडेला भोकं. त्या भोकांच्या पट्ट्या मी फाडून घेतल्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला झकास. कागदात नवा मसुदा होता आणि तिला त्यात एक जागा गिळत नव्हती. तिनं मला समजावलं ते असं. मसुद्यात लिहिलंय की समोरचं मशीन थोडा वेळ गप राहिलं तर ते मेलं असं धरा, फोन ठेवा आणि सगळा निरोप पहिल्यापासून परत पाठवा. आता बा, जिंतूरहून ट्रंक कॉल लावलेला माणूस तूही बघितला असशील. "हॅलो, मी बोलतोय, ऐकू येतंय का, बरे आहात का, पोरं बरी आहेत का," आणि मूळ गोष्टीवर येईपर्यंत लाईन तुटते. परत लावला की परत हॅलोपासून. तासभर खुशाली विचारून माणूस घरी जातो आणि कशासाठी फोन केला ते सांगायचं राहूनच जातं. आपल्याकडची लाईन अशी. येलदरीच्या वीजघरात जरा कुठं काही झालं की इथं अंधार. तिचं म्हणणं एवढंच, की किती वाट बघायची ते दोन मशिनांनी आधी आपापसात ठरवावं, आणि लाईन तुटली तर तुटलं तिथून पुढं बोलावं. हे कागदात आलं नाही तर काय होईल, तर त्याच कागदावरून जगभर मशिनं बनतील, आणि मग परभणीसारख्या गावांचे निरोप कायम अर्ध्यावर मरतील. दवाखान्याचे, कचेरीचे, कुणाचेही.

तिनं हे त्यांना कळवलं. ते म्हणाले, मुद्दा चांगला आहे, मजकूर तुम्हीच लिहून पाठवा. त्यांच्यात अशीच रीत आहे, जो नाक मुरडतो त्याच्याच हातात लाटणं देतात. हिनं लिहिला. मग म्हणाले, नुसतं लिहून भागत नाही, चालवून दाखवा. तेही एका हातानं नाही, दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता, नुसता मजकूर वाचून बनवलं पाहिजे आणि ते आपसात बोललं पाहिजे. मला हे मनापासून आवडलं. रीत लिहिणाऱ्यालाच नवरा आणि त्यालाच नवरी केलं तर मांडवात भांडण कसं दिसणार? हिला एक माणूस मिळाला, पृथ्वीच्या पार त्या टोकाला, डोंगराच्या देशातला. त्याची लाईन आपल्याहून वाईट. त्यानं तिकडं बनवलं, हिनं इकडं, आणि पहिल्या दिवशी जोडलं तर दोन्ही गप. त्यानं मजकुरातली एक ओळ वेगळीच समजून घेतली होती. हिनं ती ओळ सुधारली, परत जोडलं, आणि बोलली की मशिनं! मुद्दाम तार उपटून बघितली. तुटलं तिथून पुढं. पोरगी शेजारच्या फोनवर एवढी ओरडली की शेजारीण विचारायला लागली, जावई ठरला का.

आणि मग त्या हॉटेलातली बैठक. हिला जाता येणार नव्हतं. संस्था पाठवेना. तो डोंगरातला माणूसही नव्हता गेला. ज्यांची लाईन तुटते तेच खोलीत नाहीत, आणि ज्यांची कधी तुटत नाही ते सगळे हजर, तोंड मिटून गुणगुणायला. ठरलं असं, की मुद्दा बरोबर आहे, मजकूरही बरोबर आहे, पण आता उशीर झाला, मशिनं बनवणारे खोळंबलेत, तर हा कागद असाच पक्का करू आणि हिचं पुढच्या सुधारणेत घेऊ. बा, मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात परात होती. ती मी जरा जोरातच ठेवली. पोरगी म्हणाली, एकदा त्या कागदाला नंबर पडला की त्यातला ठिपका पण हलवता येत नाही. चूक सापडली तरी नाही. नवा कागद, नवा नंबर काढायचा आणि वर लिहायचं की हा त्या जुन्याच्या जागी. मी म्हणलं, निदान तुमच्यात जुन्याला जुनं तरी म्हणतात. बा, आपल्या विद्यापीठाचं बघ. नाव बदला म्हणून माणसांनी काय काय सोसलं, अठ्ठ्याहत्तरचे ते दिवस तू बघितले नाहीस, बरं झालं. आणि एवढ्या वर्षांनी यंदा काय केलं, तर जुनं जागच्या जागी ठेवून त्याच्यापुढं नवं जोडून दिलं. लेकीनं पेढे आणले. मी खाल्ला. दाताखाली खडा आल्यासारखा खाल्ला.

संस्थेतला साहेब तिला म्हणाला, झालं ना जगाचं काम, आता इथलं बघा. ती त्या वेळी घरी आली होती, भाकरी मोडून तशीच बसली होती. मी म्हणलं, "सोड ते. आपल्याला कोण विचारतंय?" ती म्हणाली, "आजी, पुढच्या सुधारणेत घेऊ म्हणलेत ना. मी रोज विचारणार, सुधारणा कधी." आणि खरंच विचारत राहिली. मी तुला एकदाच विचारलं होतं, बा. ही पोरगी रोज विचारत होती. इतकी, की शेवटी त्या म्होरक्यानं तिला लिहिलं, सुधारणा काढतो, पण लिहायचं काम तुमच्याच हातात घ्या. पोरीच्या हातात लेखणी! लेकीनं परत पेढे आणले. या वेळी खडा नव्हता.

आता ऐक, मी कशासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात ती आली. मसुदा जवळजवळ झालेला. जेवता जेवता आईला सांगायलीय, की उत्तरेकडच्या कुठल्या बेटावरून एका माणसानं आडकाठी घातलीय. तिकडं मासे धरणाऱ्यांची गावं आहेत, त्यांची लाईन दिवसातून एकदाच उघडते. हिच्या मसुद्यात, मशिनांनी आपसात काही ठरवलं तरी, वाट बघायची हद्द घातलीय तासाभराची. त्यापुढं मशीन मेलं असंच धरायचं. तो म्हणतो, मग आमची मशिनं तर रोजच मेलेली. आणि ही, भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत, काय म्हणाली माहीत आहे का? "एकटाच आहे तो. त्याच्यासाठी परत सगळं उघडत बसायचं का? नंतर बघू त्याचं."

तव्यावरची भाकरी मी उतरवली आणि तिच्या ताटात न टाकता टोपल्यात टाकली. म्हणलं, "त्या मासेवाल्याला उत्तर देईपर्यंत दुसरी भाकर न्हाई."

"आजी, काहीतरीच काय!"

"हद्द तू घातलीस. का घातलीस?"

"कुठंतरी घालावी लागतेच. नाहीतर मशीन जन्मभर वाट बघत बसेल."

"मग तसं त्याला लिही. त्याचं समाधान झालं तर जेव."

ती चिडली, बा. लय चिडली. म्हणाली, "प्रत्येकाचं घेत बसलं तर कागद कधीच पुरा व्हायचा नाही. आणि पुरा झाला नाही तर कुणाचीच लाईन चालायची नाही. आपली पण! तू काय समजून बोलतीस?" लेक मधे पडली, "माय, दे गं तिला, दमून आलीय." मी दिली नाही. पोरगी अर्धपोटी उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली. जाताना पाया पडली, पण तोंड फुगवून. तिचं बरोबर होतं, हे मला तिथंच कळत होतं. तू लिंबाखाली बसून तेच बोलला असतास, थोडं हळू आवाजात.

परवा लेकीच्या शाळेत पोरीचा फोन आला. तिनं सगळं परत उघडलं. हद्द काढून टाकली नाही, पण ती कुणी, कशी वाढवायची याचा मजकूर नव्यानं घालायचा आहे, आणि परत दोघांनी वेगवेगळं बनवून, जोडून दाखवायचं आहे. गुणगुणायची तारीख पुढं गेली. मशिनं बनवणारे वैतागलेत. कुणीतरी तिला लिहिलं, अहो, आता शेवटाला हे कुठून काढलं? तर हिनं उत्तर दिलं, मसुदा तपासणाऱ्या एका जाणत्या माणसानं अडवून धरलंय, त्यांच्या समाधानाशिवाय पुढं जाता येत नाही. लेक फोन ठेवून घरी आली ती पोट धरून हसत. मीही हसले. जगभरचे इंजिनेर कुठल्याशा जाणत्या माणसाच्या नावानं बोटं मोडायलेत आणि तो माणूस परभणीत लसूण सोलायलाय.

लेक विचारते, पत्ता काय घालू. काही घालू नको म्हणलं. गादीखाली ठेव. पण बंद करायच्या आधी एवढं लिही, आणि ते सरळ करू नको. बा, त्या पोरीला वाटतंय, आजीनं त्या बेटावरच्या माणसासाठी भाकरी अडवली. काल शेजारच्या फोनवर तिनं तसं मला कौतुकानं म्हणून दाखवलं. मी तिला खरं सांगितलं नाही. त्याचं बेट कुठं आहे ते मला माहीत नाही. त्याचं खरं का खोटं, तेही नाही. मी त्याच्यासाठी काही केलेलं नाही.